रेसमधून रिटायर झालेला घोडा चॅरिटीकडून आणताना: ब्रिटनमधल्या नवख्यांसाठी

"रेसचे घोडे रिटायर झाले की जवळजवळ फुकटात मिळतात म्हणे, घेऊ का एक?" हा प्रश्न मला इथल्या मराठी लोकांकडून अधूनमधून येतो, बहुतेक वेळा मुलगी दोन-तीन वर्षं रायडिंग शिकत असते आणि आईबाबांना वाटायला लागतं की आता स्वतःचा घोडा पाहिजे. माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या, जरूर घ्या, पण चॅरिटीकडून घ्या, आणि पहिलं वर्ष घोड्याला द्या, स्वतःच्या हौसेला नको. असं का म्हणतो ते खाली सविस्तर लिहितोय. हे सगळं ब्रिटनमधलं आहे, त्यातही कायद्याचा भाग मुख्यतः इंग्लंडचा, भारतातल्या वाचकांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी हे घोडे येतात कुठून ते बघा. रेसचा घोडा म्हणजे थरोब्रेड, ही खास रेससाठी तयार केलेली घोड्यांची जात. फ्लॅट रेसवाले, म्हणजे अडथळ्यांशिवाय सपाटीवर पळणारे, दोन वर्षांचे असतानाच पळायला लागतात आणि बरेचसे पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत बाहेर पडतात, कोणी पुरेसा वेगवान नसतो, कोणाच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा पट्टा) जातो, कोणाला श्वासाचा त्रास असतो. जंप रेसवाले, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळणारे, जास्त टिकतात, दहा-बारा वर्षांपर्यंत पळणारेही असतात. आणि नीट सांभाळला तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे करिअर संपतं तेव्हा निम्म्याहून जास्त आयुष्य बाकी असतं, त्या आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न इथे खूप वर्षं कोणी नीट विचारलाच नव्हता. १९९१ मध्ये कॅरी हंबल नावाच्या बाईंनी थरोब्रेड रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू केलं, तेच आज लँकशरमध्ये हॅल्टन गावात ब्रिटिश थरोब्रेड रिट्रेनिंग सेंटर म्हणून चालतं. मग २००० साली रेसिंगवाल्यांनी स्वतःची अधिकृत चॅरिटी काढली, रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस, सगळे तिला आरओआर म्हणतात. सुरुवात करायची तर या दोन नावांपासून करा, आरओआरकडून बाकीच्या सेंटरांची आणि रिट्रेनरांची माहिती मिळते.

चॅरिटीच का, थेट ट्रेनरकडून किंवा जाहिरात बघून का नको? स्वस्त तर तेही मिळतात, कधीकधी चॅरिटीपेक्षा स्वस्त. पण रेसिंग यार्डातून (ट्रेनरच्या तबेल्यातून) सोमवारी निघालेला घोडा शनिवारी तुमच्या दारात आला तर त्याच्या पोटात अजून रेसची चंदी असते, पायात रेसची नाल असते आणि डोक्यात रेसचं टाइमटेबल असतं, आणि ते सगळं उतरवायचं काम तुमच्यावर येतं. चॅरिटी हे काम आधी करते. घोड्याला काही महिने कुरणात सोडतात, व्हेटकडून (जनावरांच्या डॉक्टरकडून) तपासतात, त्याला साध्या रायडिंगचं नव्याने शिक्षण देतात, मग त्याचा स्वभाव बघून माणूस शोधतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बऱ्याच चॅरिटी मालकी सोडत नाहीत. घोडा तुमच्याकडे आयुष्यभर लोनवर असतो, तुम्हाला तो विकता येत नाही, घोडी असली तर तिला ब्रीडिंगला लावता येत नाही, आणि काही कारणाने जमलं नाही तर तो परत तिथेच जातो. काही लोकांना ही अट खटकते, एवढा खर्च आपण करायचा आणि घोडा आपला नाही, असं. मला उलट ती अट फार मोलाची वाटते. नोकरी गेली, आजारपण आलं, भारतात परत जावं लागलं, तर घोड्याचं काय या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि बाजारात हातोहात विकला जाऊन शेवटी नको त्या जागी पोचण्यापासून तो वाचतो.

अर्ज भरायच्या आधी

स्वतःला तीन गोष्टी विचारा: हात, वेळ आणि जागा. पैसा चौथा, पण तो या तिन्हीत येतोच.

हात म्हणजे तुमचा अनुभव. आठवड्यातून एकदा रायडिंग स्कूलच्या शांत घोड्यावर बसणं आणि थरोब्रेड सांभाळणं यात खूप अंतर आहे, हे मी कोणाला नाउमेद करायला नाही सांगत. तुम्ही चालीवर, दुडकीवर आणि कँटरला (दुडकीपेक्षा वेगवान, संथ दौडीला) तोंडाला हिसका न देता बसू शकता का, घोडा बिचकला तर लगाम ओढून धरता की ढिला सोडून श्वास घेता, कोणी शेजारी नसताना खोगीर चढवणं, पाय उचलून खूर साफ करणं, आजारी घोडा ओळखणं हे येतं का? नसेल येत तर एक वर्ष थांबा, जवळच्या यार्डात शनिवार-रविवार कामाला जा, लीद काढा, खरारा करा, लोकांना शिकवायला आवडतं. चॅरिटी तुमच्या रायडिंगचा व्हिडिओ मागते, इन्स्ट्रक्टरचं किंवा व्हेटचं शिफारसपत्र मागते, वजनही विचारते, त्यात अपमान वाटून घेऊ नका, घोड्याच्या पाठीचा प्रश्न आहे.

ज्यांना बसायचंच नाहीये पण घोडा सांभाळायला आवडेल त्यांच्यासाठी कम्पॅनियन घोडे असतात, म्हणजे दुखापतीमुळे ज्यांच्यावर आता कोणी बसू शकत नाही पण कुरणात आनंदाने राहू शकतात असे. यांना घर मिळायला सगळ्यात वेळ लागतो. तुमच्याकडे जमीन असेल आणि आधीच एखादा घोडा असेल तर याचा मनापासून विचार करा. फक्त खर्च कमी होईल असं समजू नका, नालीचे पैसे वाचले तरी व्हेट आणि वैरण तेवढंच लागतं.

वेळ म्हणजे रोज दोनदा, ३६५ दिवस. इथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, ऑफिसमधून येऊन डोक्याला टॉर्च लावून चिखलात उभं राहून घोड्याचा रग (अंगावरचं पांघरूण) बदलायचा, हे ज्याला जमेल त्याने पुढे वाचा. नाहीतर लिव्हरी घ्या, म्हणजे पैसे देऊन घोडा दुसऱ्याच्या यार्डात ठेवा. फुल लिव्हरीत यार्डवाले सगळं करतात आणि तुम्ही जाऊन बसता, पण ते महाग पडतं. डीआयवाय लिव्हरी स्वस्त, त्यात जागा त्यांची आणि काम सगळं तुमचं. मध्ये पार्ट लिव्हरी असते, काम थोडं त्यांचं थोडं तुमचं, नोकरी करणाऱ्यांना बहुतेक तीच बरी पडते.

जागा बघताना एका घोड्यामागे एक ते दीड एकर चांगलं कुरण असं ब्रिटिश हॉर्स सोसायटी सांगते. काटेरी तार नको, थरोब्रेडची कातडी पातळ असते आणि तो घाबरला की कुंपण बघत नाही. पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट उगवलेलं असेल तर मुळासकट काढा, त्याने लिव्हर जातं. सायकमोरचं झाड असेल तर शरद ऋतूत त्याच्या बिया आणि वसंतात त्याची रोपं, दोन्ही घोड्याला मारू शकतात, तो भाग कुंपण घालून बंद करा. आणि दुसरा घोडा हवाच. रेसचा घोडा जन्मापासून कळपात आणि यार्डात राहिलेला असतो, सकाळी कामालासुद्धा रांगेने जातो. तो एकटा राहिला तर कुंपणाला धरून दिवसभर चालत राहतो, घाम येईपर्यंत, आणि आठवड्याभरात बरगड्या दिसायला लागतात.

घोडा बघायला जाताना

जायच्या आधी घोड्याचं रेसिंगचं नाव विचारून घ्या आणि त्याचा रेकॉर्ड शोधा, ब्रिटनमधला प्रत्येक रेसचा निकाल सार्वजनिक असतो. किती रेस पळाला, कुठल्या वर्षी, शेवटची कधी. मी त्यात मोकळ्या जागा बघतो. नियमित पळणारा घोडा मध्येच आठ-दहा महिने गायब असेल तर तेव्हा काहीतरी झालं असणार, बहुतेकदा पाय. चॅरिटीला सरळ विचारा, चांगली चॅरिटी काही लपवत नाही, त्यांना घोडा परत यायला नको असतो.

तिथे पोचल्यावर लगेच बसू नका. तबेल्यात उभा असताना बघा. दाराच्या काठाला दात लावून हवा गिळतो का, डोकं आणि पुढचे पाय एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलवत राहतो का, गोल गोल फिरतो का. या सवयी दिवसातले बावीस-तेवीस तास बंद राहून लागतात, कुरणात बऱ्याच कमी होतात, पूर्ण जातीलच असं नाही. मी यासाठी कधी घोडा नाकारणार नाही, पण तुमच्या लिव्हरीवाल्यांना चालेल का हे आधी विचारा, काही यार्ड हवा गिळणारा घोडा घेत नाहीत. खोगीर चढवताना आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे जातात का, दात करकरतात का, ते बघा, त्याबद्दल खाली चंदीच्या भागात लिहिलंय.

मग पाय. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, वरून खाली हात फिरवा. टेंडन दोरीसारखा सरळ आणि घट्ट लागला पाहिजे, कुठे फुगवटा लागला आणि तो थंड आणि कडक असेल तर जुनी दुखापत आहे, गरम आणि मऊ असेल तर नवीन. जुन्या, नीट बऱ्या झालेल्या टेंडनवर घोडा साध्या हॅकिंगला (बाहेर फिरायला) आणि ड्रेसाजला (रिंगणातल्या कवायतीला) वर्षानुवर्षं चालतो, त्याला घाबरू नका, उड्या मारायचा विचार मात्र सोडून द्या. आधी तिथल्या स्टाफला बसायला सांगा, मग तुम्ही बसा, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी या, शक्यतो वारा असलेल्या दिवशी. एकाच भेटीत हो म्हणायला लावणारी चॅरिटी मला चालणार नाही, आणि खरं सांगायचं तर चांगल्या चॅरिटीलाही एकाच भेटीत हो म्हणणारा माणूस चालत नाही.

स्वतःच्या व्हेटकडून तपासणी करून घेता येते. पाच टप्प्यांची तपासणी असते, उभा असताना, चालताना-पळताना, व्यायाम करताना, मग विश्रांती देऊन आणि परत एकदा पळवून. चॅरिटीने आधीच केलेली असेल तर तिचा रिपोर्ट तुमच्या व्हेटला वाचायला द्या, पाठीचे आणि पायाचे एक्सरे असले तर तेही.

कागदपत्रं

यात फार वेळ जात नाही पण हयगय नको. प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो, थरोब्रेडचा वेदरबीज कंपनी काढते, आणि घोडा जिथे असेल तिथे तो सांभाळणाऱ्याकडे असावा लागतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या घोड्यांना मायक्रोचिप सक्तीची आहे, स्कॅनर लावून नंबर पासपोर्टशी जुळवून घ्या. तुम्ही मालक म्हणून घेत असाल तर ३० दिवसांत नाव बदलायला कळवावं लागतं, लोनवर असेल तर कोणी काय कळवायचं ते चॅरिटी सांगेल. बहुतेक ठिकाणी हा घोडा परत रेसमध्ये उतरवणार नाही असा करारही असतो, तो मुद्दाम बघून घ्या, घोड्याच्या भल्यासाठीच आहे. फ्लू आणि धनुर्वाताच्या लसींच्या तारखा पासपोर्टात असतात, रेसच्या घोड्याच्या लसी सहसा अगदी चोख झालेल्या असतात, तुमच्याकडे येऊन त्यात खंड पडला तर पूर्ण कोर्स पुन्हा करावा लागतो. लोनचा करार पूर्ण वाचा: तपासणीला कोण आणि कधी येणार, व्हेटचं बिल कोणाचं, ऑपरेशनचा किंवा घोड्याला कायमचं झोपवण्याचा (दयामरणाचा) निर्णय कोण घेणार, दुसऱ्या कोणाला बसू देता येईल का, यार्ड बदललं तर कळवायचं का. आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स काढल्याशिवाय घोडा गाडीतून उतरवू नका. घोडा सुटून रस्त्यावर गेला आणि अपघात झाला तर घरदार विकायची वेळ येईल.

पहिले पंधरा दिवस

रेसिंग यार्डात पहाटे पहिली चंदी, मग काम, मग विश्रांती, चारच्या सुमाराला परत खरारा आणि पाय तपासणं, रोज तेच. चॅरिटीत ते थोडं सैल होतं पण वेळेची सवय राहते. म्हणून येताना त्याचं रोजचं वेळापत्रक लिहून आणा आणि पहिले दिवस शक्यतो तेच ठेवा. चॅरिटीकडून दोन-तीन दिवसांचं गवत मागून आणा, म्हणजे गवत एकदम बदलत नाही. नवीन घोडा आला की तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळा ठेवायची पद्धत आहे, स्ट्रँगल्स नावाच्या संसर्गासाठी, चॅरिटीने ब्लड टेस्ट केलीय का विचारा. वेगळा म्हणजे एकटा नाही, दुसरे घोडे दिसले पाहिजेत, फक्त नाकाला नाक लागायला नको.

कुरणात सोडताना मागच्या पायांच्या नाली काढलेल्या असल्या तर बरं, नवीन ओळखीत लाथा चालतात. पहिल्यांदा छोट्या जागेत सोडा, एका शांत, वयस्कर घोड्यासोबत. सोडायची पद्धत शिकून घ्या कारण इथेच माणसं जखमी होतात: गेटमधून आत जा, घोडा पूर्ण वळवा म्हणजे त्याचं तोंड तुमच्याकडे आणि गेटकडे येईल, हेडकॉलर (म्होरकी) काढा आणि तुम्ही गेटकडे दोन पावलं मागे सरका. तो गर्रकन वळेल, मागचे पाय हवेत उडवेल आणि सुटेल, आणि तेव्हा तुम्ही त्याच्या टापांच्या टप्प्यात नसाल. हातात हेल्मेट असून उपयोग नाही, डोक्यावर पाहिजे.

रग लागतो. थरोब्रेडची कातडी आणि केस दोन्ही पातळ, इथल्या ओल्या थंडीत तो वजन भरभर उतरवतो. आठवड्यातून एकदा वजनाची टेप लावून आकडा लिहून ठेवा, रोज बघणाऱ्या डोळ्याला घट कळत नाही.

चंदी आणि पोट

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण "हा घोडा फार गरम आहे", म्हणजे पटकन भडकतो, म्हणून परत गेलेल्या बऱ्याच घोड्यांची गोष्ट खरं तर पोटाची असते.

रेसच्या घोड्याला ताकद पाहिजे म्हणून धान्य भरपूर आणि गवत मोजकं मिळतं, दिवसाला पाच-सहा किलो ओट्स आणि क्यूब्स ही साधी गोष्ट आहे. पण घोड्याच्या पोटात ॲसिड सतत तयार होत असतं, खात असो वा नसो, आणि ते शांत करणारी लाळ फक्त चघळतानाच सुटते. गवत कमी, धान्य जास्त, वर जोरात पळणं, म्हणजे ॲसिड उसळून पोटाच्या वरच्या भागाला लागतं. म्हणूनच ट्रेनिंगमधल्या दहापैकी आठ-नऊ घोड्यांना अल्सर असतात असं व्हेट सांगतात. चॅरिटीत आल्यावर बऱ्याच जणांचे बरे होतात, पण प्रवास, नवीन जागा, नवीन सोबती, यातून परत होऊ शकतात. तंग आवळताना चावायला येतो, चंदी अर्धी टाकतो, दात करकरतो, केस निस्तेज, वजन वाढत नाही, अशी लक्षणं दिसली तर त्याला शिस्त लावायच्या फंदात पडू नका, व्हेटला बोलवा. पोटात कॅमेरा घालून बघतात आणि ओमेप्राझोलने उपचार करतात.

घरी तुमचं काम सोपं आहे. गवत, गवत आणि गवत. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो वाळलेलं गवत हे किमान धरा, हडकुळा असेल तर खाईल तितकं. चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं राहू देऊ नका, रात्रीसाठी दोन जाळ्या भरून टांगा. वजन वाढवायला धान्य वाढवायचा मोह होतो, तो आवरा, त्याने वजनाआधी डोकं चढतं. भिजवलेला शुगर बीट, अल्फाल्फाचा चाफ (बारीक कापलेला चारा), थोडं थोडं वाढवत नेलेलं तेल, यांनी वजन सावकाश आणि शांतपणे येतं. कुठलाही बदल दोन आठवडे लावून करा, नाहीतर कॉलिक होतो, आणि कॉलिक म्हणजे पोटदुखी असं साधं समजू नका, घोडा त्यात जातो. बसायच्या अर्धा तास आधी दोन मुठी चाफ खायला द्या, पोटात गवताचा थर असला की ॲसिड वर उसळत नाही. आमच्या यार्डात आता सगळेच हे करतात, रेसचा घोडा असो की साधा पोनी.

पाणी पंचवीस ते पन्नास लिटर, उन्हाळ्यात जास्तही. वसंतातल्या कोवळ्या हिरव्या गवतावर मात्र एकदम सोडू नका, तासातासाने वाढवा.

खुरांचं थोडक्यात सांगतो. यांचे तळवे पातळ, भिंती ठिसूळ, टाच बसलेली आणि पुढचा भाग लांब असतो. चांगला नालबंद पाच-सहा आठवड्यांनी येऊन हे हळूहळू सुधारतो, वर्षभर लागतं. इथे १९७५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या फॅरियरनेच नाल ठोकायची असते, तेव्हा कोणी ओळखीचा स्वस्तात करून देतो म्हणाला तरी नको. दातवाला वर्षातून एकदा, जंताची औषधं डोळे मिटून न देता आधी लिदीची तपासणी.

बसायला सुरुवात

निदान पहिले दोन आठवडे बसू नका. हाताने चालवा, यार्ड दाखवा, खरारा करा, तुमचा आवाज त्याच्या कानात बसू दे. खोगीरवाल्याला बोलवून खोगीर बसवून घ्या, आणि तीन-चार महिन्यांनी परत बोलवा, कारण रेसचे स्नायू उतरून दुसऱ्या जागी भरायला लागले की पाठीचा आकारच बदलतो.

या घोड्याला बसणं येत नाही असं नसतं, त्याला वेगळं बसणं येतं, आणि तो शिकवलेलं अगदी मनापासून करतो, म्हणूनच गोंधळ होतो. रेसिंग यार्डात घोडा चालत असतानाच कोणीतरी रायडरचा पाय धरून त्याला वर टाकतं, उभं राहून वाट बघणं हा प्रकारच नसतो. त्यामुळे तुम्ही स्टुलावर चढून रिकिबीत पाय घातला की तो निघणार. ओढू नका. बसायचंच नाही असं ठरवून आठवडाभर रोज त्याला स्टुलाशी न्या, उभा राहिला की मानेवर खाजवा आणि परत न्या. मग स्टुलावर उभे रहा आणि उतरा. मग पोटावर हलकेच ओणवे व्हा आणि उतरा. ज्या दिवशी तो कंटाळून एक मागचा पाय ढिला सोडून उभा राहील, त्या दिवशी बसा.

दुसरं, पाय. जॉकी रिकिबी आखूड ठेवून वर उचलून बसतो, त्याच्या पोटऱ्या घोड्याच्या पोटाला लागतच नाहीत. तुमचे लांब पाय एकदम गुंडाळले गेले तर तो दचकतो, हळू टेकवा आणि तसेच ठेवा, लावले-काढले करू नका. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लगाम. त्याला तोंडात घट्ट पकड लागली म्हणजे टेकून पळायचं एवढं माहीत आहे. तुम्ही घाबरून जितकं ओढाल तितका तो पुढे जाईल, आणि नवखा माणूस म्हणतो घोडा उधळला. लगाम लांब सोडा, खोल बसा, आवाजाने सांगा, गोल वर्तुळावर न्या. सुरुवातीला वीस मिनिटं चाल, एवढंच. वळणं, थांबणं, परत चाल. दुडकी त्यानंतर, आणि कँटर शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखाली. एका बाजूला तो जास्त आखडलेला असतो, तेव्हा दोन्हीकडे सारखं काम द्या.

बाहेर नेताना एखाद्या शांत घोड्यासोबत आणि चालीवर. रस्त्याची, लॉरीची भीती या घोड्यांना सहसा कमी असते, रोज रांगेने रस्त्यावरून गेलेले असतात. धोका असतो तो समोर मोकळं लांबलचक गवत आलं की, त्यातून चार घोडे सोबत असले की विचारूच नका, त्याला वाटतं कामाची वेळ झाली. अशा जागी पहिले काही महिने फक्त चालायचं, आणि मध्येच उतरून चरायला द्यायचं, म्हणजे हिरवं मैदान म्हणजे पळणं हे समीकरण हळूहळू सुटतं. आमच्या घोड्याचं पासपोर्टातलं नाव भारदस्त आहे, घरी आम्ही त्याला बंड्या म्हणतो. तो असल्या मैदानाच्या तोंडाशी आला की आधी मान ताठ करून फुरफुरायचा, आता तिथे पोचला की खाली मान घालून गवत शोधतो.

रोज काम झाल्यावर पुढच्या दोन्ही पायांवरून हात फिरवायची सवय लावून घ्या, डावा आणि उजवा सारखा लागला पाहिजे. त्याचं नेहमीचं काय आहे हे तुमच्या हाताला पाठ झालं की फरक पडलेला दिवस तुम्हाला व्हेटच्या आधी कळेल.

एक उपयोगी गोष्ट. न्यूमार्केट, लॅम्बॉर्न इथल्या रेसिंग यार्डांमध्ये आज बरेच भारतीय रायडर आणि ग्रूम (घोड्यांची निगा राखणारे) कामाला आहेत. कोणी तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला एकदा घरी बोलवा, घोडा दाखवा. रोज सकाळी असे घोडे फिरवणारा माणूस दहा मिनिटांत जे सांगेल ते आपल्याला वाचून कळणार नाही.

भारतातल्या वाचकांसाठी: मुंबईत महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये रेसमधून निवृत्त झालेले घोडे रायडिंगला असतात, पुण्यातही रायडिंग शिकवणाऱ्या ठिकाणी भेटतील. आपल्याकडे उन्हाळा, वैरण आणि जागेचे प्रश्न वेगळे आहेत, पण पोट, पाय आणि लगाम यांचं वर लिहिलेलं जसंच्या तसं लागू आहे. इथून सुट्टीला गेलात तर तिथे जाऊन थरोब्रेडवर रायडिंगचे चार-पाच क्लास करून बघा, घोडा घेण्याआधी अंदाज येईल.

जमलं नाही तर

तीन महिने झाले आणि तुम्हाला तबेल्याकडे जाताना पोटात गोळा येतोय, किंवा घोडा अजून वजन धरत नाहीये, तर चॅरिटीला फोन करा, वाट बघू नका. बऱ्याच वेळा त्यांचा माणूस येऊन एका दुपारी अडचण सोडवतो, खोगीर चुकलेलं असतं, कुरणातला सोबती छळत असतो, कधी शिकवणी लागते. तरी नाही जमलं तर परत द्या. परत देणं म्हणजे घोड्याला टाकणं नाही, करार त्यासाठीच केलेला असतो, आणि मनाविरुद्ध ओढत नेलेल्या जोडीत घोडाच आधी बिघडतो. देताना पासपोर्ट, लसींची आणि नालीची तारीख, खायला काय आणि किती देत होता, कुठल्या गोष्टीला बिचकतो, कुठे खाजवलेलं आवडतं, हे सगळं एका कागदावर नीट लिहून द्या. पुढच्या माणसाला तो कागद लागेल.